इंग्रजीतील गौणवाक्याचा प्रकार नेमका कसा ओळखावा?

'व्हेन', 'इफ', 'दॅट' कोणत्या क्लॉजमध्ये येतात हे पाठ असूनही नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह आणि अ‍ॅडव्हर्ब क्लॉज (अनुक्रमे नामाचे, विशेषणाचे आणि क्रियाविशेषणाचे काम करणारी गौणवाक्ये) ओळखताना चूक का होते, असे आपण विचारले आहे. अमळनेरला दहावी-बारावीच्या मुलांना मी बरीच वर्षे इंग्रजी व्याकरण शिकवतो आणि माझ्या मते चुकीचे मूळ त्या पाठांतरातच आहे. गौणवाक्याचा, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्याचा, प्रकार जोडशब्दावरून ठरत नाही. ते मुख्य वाक्यात कोणते काम करते, यावरून ठरतो.

तीन वाक्ये पाहा: 'आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन विल कम', 'आय रिमेंबर द डे व्हेन द ट्रेन केम लेट' आणि 'कॉल मी व्हेन द ट्रेन कम्स'. पहिल्यात 'काय माहीत नाही?' याचे उत्तर गौणवाक्य देते, म्हणजे ते 'नो' या क्रियापदाचे कर्म आहे आणि म्हणून नाउन क्लॉज आहे. दुसऱ्यात ते 'डे' या नामाला चिकटून कोणता दिवस ते सांगते, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. तिसऱ्यात फोन कधी करायचा ते कळते, म्हणून अ‍ॅडव्हर्ब.

गेल्या वर्षी एका मुलीने या तिन्ही वाक्यांखाली 'अ‍ॅडव्हर्ब' लिहिले होते. मी तिला ती वाक्ये घरच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत, म्हणायला सांगितले. पहिल्या वाक्यात तिच्या तोंडी सहज 'कव्हय' (केव्हा) आले, तिसऱ्यात 'जव्हय' (जेव्हा) आले, आणि तिने स्वतःच पहिले उत्तर खोडले. इंग्रजी एकाच 'व्हेन'वर भागवते, पण आपल्या मराठीत आणि अहिराणीत 'गाडी केव्हा येईल ते' आणि 'गाडी जेव्हा येईल तेव्हा' हा भेद आधीपासून आहे. प्रश्नार्थक 'केव्हा' आला की नाउन क्लॉज, 'जेव्हा-तेव्हा' आले की अ‍ॅडव्हर्ब, 'ज्या दिवशी… तो दिवस' अशी रचना झाली की अ‍ॅडजेक्टिव्ह. 'इफ'चेही तसेच आहे: 'येईल की नाही' असा अर्थ निघाला तर नाउन, 'जर-तर' निघाले तर अ‍ॅडव्हर्ब.

हा भेद केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. भविष्यातली गोष्ट सांगताना नाउन क्लॉजमध्ये 'विल कम' चालते, पण वेळ किंवा अट सांगणाऱ्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजमध्ये साधा वर्तमानकाळ, म्हणजे 'कम्स', वापरावा लागतो. 'व्हेन द ट्रेन विल कम, कॉल मी' ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक प्रकार न ओळखल्यामुळेच होते.

सर्वांत अवघड 'दॅट' आहे, कारण तो नामाच्या लगेच पुढे आला की मुले डोळे झाकून 'अ‍ॅडजेक्टिव्ह' लिहितात. 'द न्यूज दॅट बनाना प्राइसेस हॅव फॉलन इज ट्रू' आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट इज ट्रू' ही वाक्ये शेजारी ठेवा. दुसऱ्यात 'ब्रॉट'ला स्वतःचे कर्म नाही, ती जागा 'दॅट'ने घेतली आहे आणि तिथे 'व्हिच' घातले तरी वाक्य टिकते. तो अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. पहिल्यात 'बनाना प्राइसेस हॅव फॉलन' हे मुळातच पूर्ण वाक्य आहे, तिथे 'व्हिच' बसत नाही आणि बातमी काय आहे तेच ते वाक्य सांगते. म्हणून तो नाउन क्लॉज. मराठी रूपे ताडून पाहा: 'केळीचे भाव उतरले ही बातमी' आणि 'त्याने जी बातमी आणली ती'.