होळीनंतर लाल होणारे डोळे

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. होळी झाली की त्याचे डोळे लाल होतात. दिवसभर चोळत असतो, उन्हात डोळे उघडत नाहीत, सकाळी पांढरी तार निघते. पाऊस लागला की कमी होतं. मेडिकलमधून ड्रॉप आणले, दोन दिवसांत डोळे स्वच्छ झाले, म्हणून दोन उन्हाळे तेच घालते आहे. शेजारी म्हणतात डोळे आलेत, शाळेत पाठवू नका. काय करू? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, शाळेत खुशाल पाठवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही उन्हाळी ॲलर्जी दिसते, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. डोळे येतात तेव्हा बहुधा आधी एक डोळा, मग दुसरा, मग घरातली माणसं अशी रांग लागते. २०२३च्या पावसाळ्यात आपण सगळ्यांनी ती साथ पाहिली. ॲलर्जीत दोन्ही डोळे बरोबरच खाजतात आणि दर वर्षी तोच हंगाम धरतात. कोरड्या, धुळीच्या भागात हा त्रास मुलग्यांना जास्त होतो आणि वयात आल्यावर बहुतेकांचा आपोआप ओसरतो.

मला काळजी वाटते ती त्या बाटलीची. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र करणाऱ्या ड्रॉपमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव आहे का बघा. हे औषध वाईट नाही. त्रास फार वाढला की मीही मोजके दिवस देते. पण देखरेखीशिवाय महिनोन् महिने घातलं, तर काही मुलांच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकते. दुखत काहीच नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचा फळा दिसत राहतो, त्यामुळे मूल तक्रारही करत नाही. गेलेली नजर परत आणता येत नाही. कोवळ्या वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून नाव सापडो न सापडो, याच आठवड्यात ती बाटली घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि दाब मोजून घ्या. मेडिकलवाल्या दादांनी चांगल्या मनानेच दिली असेल, तरी चिठ्ठीशिवाय पुन्हा आणू नका.

दुसरी गोष्ट चोळण्याची. चोळलं की खाज आणणारी द्रव्यं आणखी सुटतात, खाज दुप्पट होते. वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलेली मुलं माझ्याकडे येतात. त्याला रागावू नका, हाताला दुसरं काम द्या : स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं. खेळून आला की तोंड-हात धुवायचे, उन्हात टोपी आणि गॉगल. डॉक्टर बहुधा ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब आणि कृत्रिम अश्रू देतील. त्यांचा गुण सावकाश येतो, म्हणून आया कंटाळून जुन्या बाटलीकडे वळतात. तुम्ही वळू नका. पुढच्या वर्षी हंगामाच्या थोडं आधी सुरू करायचे का, हेही विचारून ठेवा. गुलाबपाणी, मध, काजळ यांतलं काही डोळ्यांत नको.

डोळा दुखू लागला, धूसर दिसू लागलं, उजेडात डोळा उघडेनासाच झाला किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मला सप्टेंबरमध्ये शिंका आणि डोळ्यांना खाज. घरामागे गाजरगवत माजलंय. संबंध असेल का? – एक वाचक, सासवड

उत्तर : असू शकतो, त्याच्या परागकणांनी अनेकांना असा त्रास होतो. फुलोरा येण्याआधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटून घ्या. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, आणि ज्याला त्रास आहे त्याने उपटू नये.