वडील मारहाण करतात, आईचं काही चालत नाही. 13 वर्षांच्या बहिणीचं पालकत्व मोठ्या भावाला मिळू शकतं का?

मिळू शकतं. पण तू विचारलंयस की सुट्टीत तिला पुण्याला आणलं आणि परत पाठवलंच नाही तर चालेल का. तसं करू नकोस. तू 22 वर्षांचा, म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

मी नेमकं तेच केलं होतं. भाऊ तेव्हा 12 वर्षांचा होता. त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ बघितले आणि रात्रीच्या एसटीने त्याला घेऊन निघाले. तिसऱ्या दिवशी वडील पोलिसांना घेऊन दारात. 18 वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या संमतीशिवाय नेलं की कायद्यात ते अपहरण ठरू शकतं, सख्ख्या बहिणीने नेलं तरी. वळ तोवर फिके पडले होते आणि माझ्या हातात एकही कागद नव्हता. भाऊ त्याच घरात परत गेला, पुढचे सात महिने.

दुसऱ्या वेळी मी सुरुवात 1098 या चाइल्ड हेल्पलाइनपासून केली. हा फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो. तिथून प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जातं. ज्याच्यासोबत मूल राहतं तोच त्याला मारत असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याने ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं. त्याला समितीपुढे पोलीस नेऊ शकतात, कुणीही नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःही जाऊ शकतं. वडिलांची परवानगी लागत नाही. मात्र ताब्यात घेतल्यापासून 24 तासांत हजर करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत.

आता जड गोष्ट. समिती बहिणीला पहिल्याच दिवशी तुझ्या हाती देईल असं नाही. माझा भाऊ 19 दिवस बालगृहात होता. भेटायला गेले की विचारायचा, "ताई, मी काय चूक केली?" तिथल्या जिन्यावर बसून मी रडलेय. पण त्या 19 दिवसांत त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही, हेही खरं. बहिणीला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल तू तिला टाकून दिलंस.

त्या दिवसांत अधिकारी माझं घर बघायला आले. मी तीन मुलींबरोबर कॉटबेसिसवर राहत होते. त्यांनी विचारलं, हा झोपणार कुठे, तू शिफ्टला गेलीस की याच्याजवळ कोण? मी घाईघाईने रूम-किचन भाड्याने घेतलं, मी शिफ्टला गेले की त्याच्याजवळ थांबतील हे सांगायला शेजारच्या मावशींना समितीपुढे सोबत नेलं. मग समितीने मला 'योग्य व्यक्ती' मानून भाऊ तात्पुरता माझ्याकडे दिला. तू खोलीची सोय आधीच कर. भाडेकरार आणि पगाराच्या पावत्या जपून ठेव.

कोर्टातलं पालकत्व त्यानंतरचं. अर्ज 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, आणि तो बहीण जिथे राहत आलीये त्या जिल्ह्यात, पुण्यात नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं. 13 वर्षांच्या मुलीचं मतही विचारात घेतं. माझ्या भावाशी न्यायाधीश चेंबरमध्ये एकटेच बोलले. पण खरी अडचण आईची. आई किंवा वडील हयात आहेत आणि पालक म्हणून अपात्र नाहीत, तर कोर्ट त्यांना डावलून दुसरा पालक सहसा नेमत नाही. म्हणजे वडील नालायक आहेत एवढं सिद्ध करून भागत नाही, 'आई आहे ना?' हा प्रश्न येतोच. माझी आई साक्षीला उभी राहून म्हणाली, "माझ्याजवळ तो सुरक्षित नाही." ते वाक्य बोलायला तिला वर्ष लागलं. तीही मार खातच होती. तुझ्या आईला दोष देत बसू नकोस, तिला सोबत घे. तिने शपथपत्र दिलं तर अर्धी लढाई होते.

पुरावा आत्तापासून जमव. मार बसला की सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी मारहाणीची वैद्यकीय नोंद, करायला सांग. माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या त्या भावाच्या वर्गशिक्षिका. 'मुलगा हात उचलता येत नाही म्हणून लिहीत नाही' असं त्यांनी तारखेसकट लेखी दिलं होतं.

पैशाचं म्हणशील तर बायका आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. तुझ्यासाठी काय होतं ते तिथेच विचार. बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशा मुलांना सांभाळण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्जही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लगेच टाक. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी शाळेने अडवलं तर घाबरू नकोस. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

एक विचारायला जीव धजत नाही, पण विचार. मारण्यापलीकडे कुणी तिच्याशी काही करत नाही ना? तसं असेल तर यातलं काहीही करत बसू नकोस, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो.

या आठवड्यात गावी जा. तिला एकटीला गाठून बोल आणि 1098 तिच्याकडून पाठ करून घे. वहीत लिहू नकोस, वडिलांच्या हाती लागेल.