‘हॅण्डलोड’ म्हणजे ‘हातभार’ नव्हे : बार, भरणी आणि ध्वनिवेगाच्या आतली गोळी

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, रायफलीची काडतुसे स्वतः भरण्याचा त्यांचा छंद सांगलीतल्या वडिलांना मराठीत कसा समजावून सांगावा. त्यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतले, तेव्हा हाती आलेले वाक्य असे होते : ‘मी माझ्या रायफलीसाठी अचूक, स्थिर उपध्वनी हातभार विकसित करत आहे.’ वडिलांना त्यातून काहीही उमगले नाही. ‘सबसॉनिक’ (ध्वनीपेक्षा कमी वेगाचा) आणि ‘हॅण्डलोड’ (हाताने भरलेले काडतूस) या दोन शब्दांना मराठीत काय म्हणावे, एवढाच प्रश्नकर्त्यांचा प्रश्न आहे. परंतु माझ्या मते त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घेण्यासारखा आहे.

आधी ‘हातभार’ घेऊ. मराठीत हातभार लावणे म्हणजे मदत करणे. हा अर्थ इतका पक्का रुजला आहे की, त्या शब्दाला दुसऱ्या कामाला जुंपता येणार नाही. मात्र बंदुकीत एका वेळी जे भरले जाते, त्याला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘बार’. बार भरणे, बार काढणे, बार उडणे, फुसका बार हे सगळे प्रयोग ठासणीच्या बंदुकीच्या काळातले आहेत आणि कोकणात ते अजूनही ऐकू येतात. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या ‘बारगीर’ या स्वाराच्या नावातही तोच शब्द आहे. बंदुकीचा बार याच धाग्यातला आहे, असे मला वाटते, कारण ओझे लादणे आणि बंदूक भरणे या दोन्ही क्रियांसाठी इंग्रजीतही ‘लोड’ हा एकच शब्द चालतो. फारसी ‘बार’ आणि संस्कृत ‘भार’ ही एकाच मुळाची भावंडे आहेत. यंत्र योग्य घराण्यापर्यंत पोहोचले होते. त्याने त्या घरातला दुसराच भाऊ उचलून आणला.

तेव्हा ‘हॅण्डलोड’साठी ‘हातभरणीचा बार’ म्हणावे, किंवा तयार वस्तूविषयी बोलायचे असेल तर ‘हातभरणीचे काडतूस’ म्हणावे. बरणी भरतात, बार भरतात, काडतूसही भरतात. त्यामुळे ‘भरणी’ या शब्दाला कोणाचा अडथळा होत नाही. हा शब्द आज आपल्या बोलण्यात का नाही, याचे कारणही समजण्यासारखे आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरणे हा सर्वसामान्य छंद आहे, तर भारतात शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. जे काम घरोघर होत नाही, त्याचे शब्द झिजत जातात.

याच ठिकाणी आणखी एक गल्लत दूर केली पाहिजे. वर्तमानपत्रांत ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. एरवी त्याने बिघडत नाही, पण भरणीच्या कामात बिघडते. काडतूस म्हणजे संपूर्ण वस्तू. तिचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी पेट देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. मागे उरते ती पुंगळी, आणि पंचनाम्यात ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असे लिहिणारा हवालदार शब्द अगदी बरोबर वापरत असतो. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आला, ‘दारू’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. ‘बंदूक’ या शब्दाची कथा मला विशेष आवडते. अरबीत ‘बुंदुक’ हे एका कवचीच्या फळाचे नाव होते, त्यावरून ते लहान गोळीचे नाव झाले आणि शेवटी गोळी फेकणाऱ्या हत्याराला जाऊन चिकटले.

आता ‘सबसॉनिक’. ‘उपध्वनी’ मला मान्य नाही, कारण मराठीत ‘उप’ हा दुय्यमपणा दाखवतो. उपनदी, उपसंपादक, उपाध्यक्ष यांच्या रांगेत उपध्वनी उभा केला, तर वाचकाला मुख्य आवाजासोबत येणारा दुसरा आवाज वाटेल. ‘मंदध्वनी’ किंवा ‘निःशब्द’ हे त्याहून चुकीचे, कारण इथे आवाजाच्या मोठेपणाविषयी काही म्हटलेलेच नाही. म्हटले आहे ते वेगाविषयी. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत आघातलहर (शॉक वेव्ह) निर्माण करते आणि तिचा कडाड असा आवाज होतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख आणि पेटर साल्हर यांनी ही लहर छायाचित्रात पकडली आणि ते काम 1887 मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी ध्वनीपेक्षा सावकाश गेली, तर हा कडाड नाहीसा होतो, परंतु नळीच्या तोंडाशी होणारा बाराचा आवाज राहतोच.

‘सुपरसॉनिक’साठी मराठी विज्ञानलेखनात ‘स्वनातीत’ हा सुंदर शब्द रुळला आहे. त्याच्या जोडीला ‘अवरोह’मधला ‘अव’ घेऊन ‘अवस्वनी’ असे म्हणता येते, आणि शास्त्रीय लेखात ते शोभेल. मात्र ‘श्राव्यातीत’शी त्याची सांगड घालू नये, श्राव्यातीत लहरी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या असतात, त्यांचा वेगाशी संबंध नाही. वडिलांना समजावून सांगताना मी साधा मराठी प्रयोग सुचवेन : ‘ध्वनिवेगाच्या आतला बार’. शंभराच्या आत, दहा वाजायच्या आत असे आपण म्हणतोच. या ‘आत’मध्ये मर्यादेची जाणीव आहे, आणि इथे तीच महत्त्वाची आहे, कारण मर्यादा स्वतः हलते. कोरड्या हवेत 20 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, तर 0 अंशाला सुमारे 331 मीटर. उन्हाळ्यात 338 मीटर वेगाने जाणारा बार मर्यादेच्या आत असतो. तोच वेग थंडीत राहिला, तर तो मर्यादा ओलांडतो, आणि मग गोळी वाटेत पुन्हा ध्वनिवेगाखाली उतरताना डगमगू शकते. म्हणून जाणकार मंडळी काठावर न थांबता सेकंदाला 305 ते 320 मीटरच्या आसपास राहतात. आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण हवे असेल, तर 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात लागणारी पॉइंट बावीसची (0.22 इंच व्यासाच्या गोळीची) सामन्याची काडतुसे सामान्यतः ध्वनिवेगाच्या आतच चालतात. ती कारखान्यात भरलेली असतात, एवढाच फरक.

सगळ्यात अधिक विचार ‘स्थिर’ या शब्दाचा करावा लागतो, कारण इंग्रजीतल्या या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. पहिली गोष्ट गोळीची हवेतली स्थिरता. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात, त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. सावकाश बारासाठी बहुधा जड आणि म्हणून लांब गोळी निवडतात, आणि लांब गोळीला अधिक घट्ट पीळ लागतो. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये दिलेले सूत्र याच नात्याचे आहे. पीळ सैल असेल तर गोळी लडबडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवे भोक पडते. इथे ‘स्थिर’ हा शब्द योग्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक बाराचा वेग सारखा येणे. तिला ‘स्थिर’ म्हणू नये. ‘एकसारखा’ किंवा ‘सातत्याचा’ म्हणावे. मोठ्या पुंगळीत थोडी दारू असली की ती कधी टोपीजवळ, कधी गोळीजवळ पसरते आणि त्यानुसार वेग बदलतो. सावकाश गोळीला हा फरक फार महागात पडतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवून साधा हिशेब केला, तर 100 मीटरवर 315 आणि 305 मीटर वेगाच्या दोन गोळ्यांमध्ये सुमारे 3 सेंटिमीटरचा उतार-फरक पडतो. सेकंदाला 900 आणि 890 मीटर वेगाच्या गोळ्यांमध्ये तो दीड मिलिमीटरही भरत नाही. ‘अचूक’ शब्दाचेही असेच आहे. सगळ्या गोळ्या एका ठिकाणी पडणे आणि त्या मध्यावर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मी ‘बार एका जागी पडतो’ म्हणेन आणि ‘अचूक’ हा शब्द दुसरीसाठी राखून ठेवेन, कारण रायफलीवरच्या दुर्बिणीची जुळणी करून मध्य गाठता येतो, पण विखुरलेला बार कोणत्याही जुळणीने एकत्र येत नाही.

‘विकसित करणे’ इथे फार मोठे वाटते. विकास शहरांचा आणि देशांचा होतो. ‘बार बसवणे’ हा प्रयोग सहज सुचतो, पण पुंगळीच्या तोंडात गोळी ‘बसवणे’ ही या कामातली वेगळी पायरी आहे, त्यामुळे घोटाळा होईल. मी ‘बार जुळवणे’ म्हणेन. तंबोरा जुळवताना खुंटी थोडी पिळावी, ऐकावे, पुन्हा पिळावी, तसेच हे काम चालते. मात्र इथे खुंटी कुठवर सैल सोडायची, याला मर्यादा आहे. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. म्हणून दारूचे प्रमाण अंदाजाने ठरवायचे नसते, उत्पादकाने छापलेल्या तक्त्यावरूनच घ्यायचे असते.

प्रश्नकर्त्यांच्या पत्रात शेवटी ‘220 दाण्यांची गोळी’ असाही उल्लेख आहे. हा ‘ग्रेन’ वजनाचा आहे, दाणा मोजायचा नाही. दारूच्या बाबतीत तर ‘दाणे’ म्हटल्यास ऐकणारा खरेच कण मोजू लागेल. ‘ग्रेन’ असाच लिहावा. वडिलांना अंदाज यावा म्हणून सांगायचे तर इंग्रजी अमलात 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवला गेला, म्हणजे 220 ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याला किंचित कमी भरते. त्यांना पाठवायचे वाक्य मी असे लिहीन : ‘बाबा, मी माझ्या रायफलीसाठी ध्वनिवेगाच्या आतला, हातभरणीचा बार जुळवतो आहे; गोळी सव्वा तोळ्याची आहे, ती हवेत स्थिर राहावी आणि प्रत्येक वेळी एकसारख्या वेगाने जाऊन एका जागी पडावी, एवढे साधायचे आहे.’