प्लॉटचा इसार देण्याआधी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, नीट बोलणं झालं नाही. रात्री तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून लिहायला बसलो. इसाराचे पन्नास हजार याच आठवड्यात द्यायचे आहेत, असं म्हणालास. देऊ नकोस. निदान हे पत्र तू आणि सुनबाई दोघं वाचेपर्यंत तरी थांब.

तुझी ओढाताण मला कळते. तुझी नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, तिची सेवाग्रामच्या दवाखान्यात, आणि आपलं गाव हमरस्त्यापासून बारा किलोमीटर आत. पोरगी तीन वर्षांची झाली, म्हणजे शाळेचा प्रश्न दारात येऊन उभा आहे. अशा वेळी कुणी नागपूरजवळच्या खापरीच्या पुढचा लेआउट दाखवला, ‘इकडून मेट्रो, तिकडून समृद्धी’ म्हणाला, की मन धावतंच. पण तू भाव विचारलास, चौरस फूट विचारलेस, हप्ता विचारलास. तुमच्या दोघांचे रोज किती तास रस्त्यावर जातील, हे कुठंच मोजलेलं दिसलं नाही. मला बोलायचं आहे ते त्या तासांबद्दल.

तुमच्या शाळेवर गुरुजी म्हणून येण्याआधी मी चौदा वर्षं अपडाऊन केलं. वर्ध्यात घर स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि शाळा साठ किलोमीटरवर राहिली. पहाटेची एसटी, परत यायला दिवेलागण उलटून जायची. माझी थोरली मला बहुतेक झोपलेलीच दिसायची. दुसऱ्यांच्या चाळीस पोरांना मी पाढे शिकवले, तिला नाही शिकवू शकलो. घराच्या किमतीत हे कुणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

आता तुझ्या लेआउटवरून हिशेब कर. तू अर्ध्या तासात कंपनीत पोचशील. सुनबाईला मात्र साठ किलोमीटरच्या आसपास जायचं आहे: आधी रस्त्यापर्यंत, मग एसटीची वाट, मग वर्धा, मग सेवाग्राम. जाऊन-येऊन साडेतीन तास सहज, आणि नाइट ड्युटी लागली की विचारूच नकोस. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यानं पैसे वाचतात, वेळ तेवढाच जातो. तुझी सोय तिच्या झोपेतून काढायची का, हे तिला विचारलंस का? फोनवर तिचं नाव तू एकदाच घेतलंस, तेही प्लॉट कुणाच्या नावावर करायचा यासाठी.

मला विचारशील तर नजर वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या सेलूकडे वळव. तिथून बुटीबोरी तीसेक किलोमीटर आणि सेवाग्राम वीसेक. रस्ता चौपदरी झाला आहे आणि वर्धा-नागपूर एसटी दारावरून जाते. गाडीनं गेलास तर दिवसाला साठ किलोमीटर, महिन्याला दीड हजार किलोमीटर. लिटरला पन्नासचं अॅव्हरेज धरलं तरी तीस लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या वर. हा खर्च खरा आहे, तो लपवत नाही. पण प्रवासाचा त्रास दोघांत वाटला जातो. कंपनीची बस सेलूपर्यंत येते का, तेही विचारून घे. बुटीबोरीतच राहायचं म्हणशील, तर बुटीबोरी आणि सेवाग्राम एकाच रेल्वेमार्गावर आहेत. मात्र तिच्या ड्युटीच्या वेळेला दोन्हीकडे थांबणारी गाडी आहे का, ते वेळापत्रक हातात घेऊन पाहा.

मेट्रो आज खापरीपर्यंत आहे. तिथून पुढं बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत नेणाऱ्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली, हे खरं. पण लेआउटवाला उद्याच्या स्टेशनाचा भाव तुझ्याकडून आज घेतो आहे. आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. तुझ्याकडे मोटरसायकल आहे. मग ‘समृद्धी दहा मिनिटांवर’ हे वाक्य तुझ्या काय कामाचं?

शाळेबद्दल मी जास्त बोलणार, ते समजून घे. इंग्रजी शाळेची पाटी, टाय आणि पिवळी बस पाहून निर्णय करू नकोस. ज्या वस्तीत जायचं ठरवशील, तिथल्या शाळेत भर दिवसा अकरा वाजता जा. खासगी असो की जिल्हा परिषदेची, दुसरीच्या पोराला पुस्तकाचं पान उघडून दे आणि वाचायला सांग. मास्तर किती आहेत ते मोज. साठपर्यंत पोरं असली तर कायद्यानं दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे पाच वर्ग दोघांच्या अंगावर. त्यातही जीव ओतणारे मी पाहिले आहेत आणि बावीस वर्ग असलेल्या शाळेत पोरं नुसती बसवलेलीही पाहिली आहेत. पोरींसाठी संडास वापरात आहे का, की कुलूप लावून ठेवला आहे, तेही पाहा. आणि बसमध्ये लेकरू किती वेळ बसणार ते विचार. मार्च-एप्रिलच्या उन्हात आपल्याकडं पत्र्याच्या बसमध्ये पाऊण तास म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लेआउटवाला सांगणार नाही. तू स्वतः नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, परीक्षेला बसला होतास, म्हणून सांगतो. सहावीच्या त्या प्रवेशात किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. त्यातला एक दिवसही शहरी शाळेत गेला तर मूल शहरी धरलं जातं. आता बुटीबोरीला नगर परिषद आहे, सेलूला नगर पंचायत. दिसायला गावं असली तरी कागदावर ती शहरं झाली. सेलू तालुक्यातल्या केळझरला मात्र ग्रामपंचायत आहे. शिवाय पाचवी ज्या जिल्ह्यात शिकेल, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं, सेलूकाटेचं नवोदय हवं असेल तर वर्धा जिल्हा सोडून चालणार नाही. पोरगी तिसरीत जायला अजून पाच वर्षं आहेत, म्हणून घाई नाही. पण कायमचं घर बांधताना ही रेघ डोळ्यांसमोर ठेव.

आता प्लॉट. एका लेआउटात माझे पैसे अकरा वर्षं अडकून पडले होते. शेताचे तुकडे पाडून विकत होते, एनए, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी, झालेलं नव्हतं. इसारपत्रावर भागवलं आणि खरेदीखत ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिले. मग विकणाऱ्याच्या भावांनी वाटणीचा दावा ठोकला. थोरलीच्या कॉलेजच्या फीला मला सोसायटीचं कर्ज काढावं लागलं, स्वतःचे पैसे असून. म्हणून सांगतो, सातबारा, फेरफार, एनएचा आदेश आणि मंजूर नकाशा हे चारही कागद आधी हातात घे. लेआउट 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक माग आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघ. एनए नसलेल्या प्लॉटवर बँका घरकर्जाला सहसा हात लावत नाहीत. बँकेनं नकार दिला तर तो तुझ्या भल्याचा समज.

माती बघ. आपली काळी जमीन पऱ्हाटीला, कपाशीला चांगली, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भिंतीही तशाच तडकतात. शेजारच्या वावरवाल्याला विचार, मुरूम किती फुटांवर लागतो. जितका खोल, तितका पाया महाग. आणि वस्तीतल्या बाईला विचार की मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का, टँकर किती दिवसांनी येतो. पुरुषांना बहुधा माहीत नसतं.

कर्जाचं थोडक्यात: 10 लाख, 9 टक्के, 20 वर्षं म्हटलं की हप्ता 9 हजारांच्या घरात आणि परतफेड साडेएकवीस लाखांच्या वर. तू वर्षभर ओव्हरटाइम धरून पगार सांगितलास. ओव्हरटाइम धरू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी वर्षभर सेलूत किंवा केळझरला भाड्यानं राहा. अकरा महिन्यांचा करार नोंदवून कर, शाळेच्या प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ दे. सुनबाई नाइट करून घरी किती वाजता टेकते, तू आलास की पोरगी जागी असते का, हे वहीत लिहीत जा. तुझ्या बाबांना वाटेल, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांच्याशी मी बोलतो.

या रविवारी दोघंही या, पोरीला घेऊन. कागदांच्या झेरॉक्स आण, आपण सकाळीच लेआउटवर जाऊ. माझ्याकडे सब्बल आहे, कोपऱ्यात दोन-तीन फूट खोदून बघू. येताना सेलूवरून या आणि बसस्टँडमागची शाळा किती वाजता सुटते, याची चौकशी करून ठेवा.

तुझे
गुरुजी