अंकुश, आकडा आणि तुझा प्रश्न

चि. मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, हुकवर्मला मराठीत अंकुशकृमी का म्हणतात? मुद्दाम अवघड केल्यासारखा शब्द आहे. आणि तुम्ही सगळे अनवाणी फिरायचात, म्हणूनच ना व्हायचे हे जंत?" पहिल्याचं मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. दुसरा मनाला लागला.

मला झाले होते ते, नवव्या वर्षी. तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची.

पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात लाल पुटकुळ्या आल्या. रात्री उठून खाजवायचे. माईला वाटलं, चिखल्या झाल्या. आता कळतं, ओल्या मातीतल्या अळ्या तिथून आत शिरल्या असणार. त्या रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात, गिळल्या जातात आणि लहान आतड्यात ठाण मांडतात. किडा जेमतेम सेंटिमीटरभर, पण अस्तराला चावून रोज रक्त पितो. मी पांढरीफटक पडले, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. भिंतीचे पोपडे काढून चोरून खायचे. शाळेत बाई आळशी म्हणायच्या. माईसुद्धा म्हणाली. तेवढं एक अजून सलतं.

शेवटी डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. अप्पांनी रिपोर्ट हातात धरून दोनदा वाचला. हिमोग्लोबिनचा आकडा होता 6.

आकडा हा शब्द बघ. अंकालाही आकडा आणि फांदी खाली ओढायला बांबूला बांधतात तोही आकडा. संस्कृतात अंक म्हणजे बाक, आकडी, खूण, संख्या, मांडीसुद्धा. त्याच घरातला अंकुश, माहुताच्या हातातला. या किड्याचं डोकं मागे वाकलेलं असतं, म्हणून ते नाव. त्याच्या एका जातीचं शास्त्रीय नाव अँकिलोस्टोमा, म्हणजे ग्रीकमध्ये वाकडं तोंड. त्यातला अँकिलोस आणि आपला अंकुश एकाच मुळातून फुटलेले. तेव्हा तुला अवघड वाटणारा शब्द त्या शास्त्रीय नावाचा चुलतभाऊच आहे. हे सांगताना मला फार आनंद होतोय, पण म्हणून तू हाच शब्द वापर अशी गळ घालत नाही. (गळ म्हणजेही हूकच. अप्पांच्या पत्र्याच्या डबीतले गळ आठवतात. टोकाला उलटा काटा, बोटात रुतला की मागे ओढता यायचा नाही.)

आता अनवाणीचं. 'तुम्ही सगळे' म्हणालीस ना, ते मला मान्य नाही. 1880 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या गोट्हार्ड बोगद्यात काम करणारे मजूर याच रोगानं पांढरे पडले होते. दुसऱ्या जातीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेकेटर अमेरिकानस हे नाव मिळालं, ते अमेरिकेतल्या रोग्यांमुळे. तिथल्या दक्षिणेतल्या गरिबांनाही लोक आळशीच म्हणत. पुढे वर्तमानपत्रांनी या किड्याला 'आळसाचा जंतू' म्हटलं. वाचलं तेव्हा मला बाई आठवल्या.

पण तुझं अगदीच चूक नाही. पाय उघडे होते हे खरं. त्याहून खरं म्हणजे संडास नव्हते. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात, ऊब, ओल आणि सावली मिळाली की अळ्या होतात. ओल्या मातीचा तळव्याला लागणारा गारवा मला अजून हवासा वाटतो, त्याच मातीनं मला आजारी पाडलं. दोन्ही खरं आहे, त्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही.

जंतांचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या. माईनं मला रबरी चपला आणल्या, मी दाराबाहेर पडले की आधी पायांकडे बघायची. स्वतः मात्र जन्मभर अनवाणीच राहिली. तिलाही पायऱ्या चढताना धाप लागायची. तिची पापणी कुणी ओढून पाहिली नाही.

तुझी,
आई