जीवनपटात काकीचं नाव येऊ द्या

प्रश्न: ताई, खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात येत्या १५ ऑगस्टला युद्धात गेलेल्यांच्या नावांचा फलक बसतोय. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जुलै १९४४ मध्ये इटलीत पडले. वय २२. त्यांचा पानभर जीवनपट मी लिहायचा ठरलाय, मसुदा सोबत जोडलाय. अडचण अशी की, त्यांच्या बायकोला वर्षभरात माहेरी धाडलं, कागदावर तिचा अंगठा घेतला आणि पेन्शन माझ्या आजोबांनी घेतली, असं आजी शेवटच्या दुखण्यात बोलून गेली. वडील (अण्णा, वय ८५) म्हणतात, ‘घरची धुणी वेशीवर नकोत, ती बाई सोडून दे.’ तेच अण्णा परवा म्हणाले, ‘काकीनं (म्हणजे त्याच बाईनं) मला कडेवर घेऊन म्हसवडचा रथ दाखवला होता.’ काय लिहू?

उत्तर: भाऊ, त्या रथाच्या वाक्यापाशी मी थांबले. ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या माणसाला ऐंशी वर्षांनी ती कड आठवते, म्हणजे अण्णांनी काकीला सोडलेलं नाही. ते आपल्या वडिलांची अब्रू राखताहेत. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना काकीबद्दल विचारा. दिसायला कशी होती, तार आली तेव्हा घरात कोण होतं, गेली तेव्हा बरोबर काय घेऊन गेली. चार-पाच वर्षांच्या पोराला असलंच लक्षात राहतं.

आता तुमचा मसुदा. शौर्याच्या आठ ओळी आहेत, पण त्यात तो बावीस वर्षांचा मुलगा सापडत नाही. किती भावंडांतला, जमीन किती, भरती का झाला? खटाव-माणच्या कोरड्या रानातली पोरं पोटासाठी पलटणीत गेली, हे लिहायला संकोच कसला? ‘देशासाठी प्राण दिले’ एवढ्यावरही भागवू नका. ९ सप्टेंबर १९४२ ला तुमच्याच तालुक्याच्या गावी, वडूजला, मोर्चावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. पुढे साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच काळात तुमचे चुलत आजोबा इंग्रजांच्या फौजेतून इटलीत लढत होते. एका घरात दोन्हीकडची माणसं असायची. हा पेच लिहिलात तर ते तुमचे चुलत आजोबा वाटतील. नाहीतर हे पान कुठल्याही गावच्या कुठल्याही शिपायाचं होईल.

कागद शोधा. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट शोधता येतं. नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख मिळते. इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं असतं, म्हणून चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. ज्यांची कबर नाही, त्यांची नावं स्मारकांवर कोरलेली आहेत. जुलै १९४४ मध्येच इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. आणि या नोंदींत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक’ असंही असतं. तुमच्या नोंदीत काकीचं नाव निघालं, तर छापून तेवढी ओळ अण्णांच्या हातात द्या. परक्या लोकांनी जे नाव जपलं, ते आपण गाळायचं का, एवढंच विचारा.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण आहे. तो ४६ आकडा आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. त्यांतल्या किती घरांत मागे सतरा-अठरा वर्षांच्या पोरी उरल्या, हे कुणी मोजलं नाही. मीही कधी विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

पेन्शनचं मात्र जीवनपटात घालू नका. आजीचं एकटीचं सांगणं आहे, आणि तुमचे सख्खे आजोबा उत्तर द्यायला नाहीत. घरच्या वहीत ‘आजीने असं सांगितलं’ म्हणून तारखेनिशी लिहून ठेवा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज कसा करायचा ते विचारा. कागद निघाला आणि आजीचं खरं ठरलं, तर ते पहिल्यांदा काकीच्या माहेरी सांगायचं, त्यांच्या ओट्यावर बसून. गावासमोर नाही.

जीवनपटात काकीची दोनच वाक्यं पुरतील: ‘त्यांच्या पत्नी अमुक, माहेर अमुक. पतीनंतर त्या माहेरी राहिल्या.’ ‘राहिल्या’ लिहा. ‘निघून गेल्या’ लिहाल तर दोष तिच्या माथी येईल.

फलकाच्या आधी एकदा अण्णांना घेऊन तिच्या माहेरी जा. ती नसेलच, पण भावाची नातवंडं असतील, एखादा फोटो असेल. साडी-चोळी, टॉवेल-टोपी घेऊन जा आणि १५ ऑगस्टचं आवतण अण्णांच्या तोंडून द्या. तिथे कुणी विचारलंच, इतक्या वर्षांनी का आलात, तर तुम्ही बोलू नका. म्हसवडच्या रथाचं अण्णाच सांगतील.