क्रूझिंग कॅटामरॅनसाठी हलक्या वाऱ्याची जुनी शिडं घ्यावीत का?

तुमची जेमिनी १०५ ही कॅटामरॅन (दोन हलची शिडाची बोट) अमेरिकेतल्या चेसापीक बे या खाडीत जुलैच्या ६-७ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात दोन नॉटनेही सरकत नाही, नवं शीड परवडत नाही, तर वापरलेलं घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. माझी बोटही तीच आणि पाणीही तेच.

पण आधी फुकटातलं उरका. कॅटामरॅनचे हल (पाण्यात तरंगणारे दोन सांगाडे) अरुंद, त्यामुळे जादा ओझं तिला लगेच जाणवतं. माझ्या लॉकरमधून दोन जास्तीचे नांगर, एक मेलेली बॅटरी आणि रंगाचे वाळलेले डबे निघाले. तळ घासून घ्या. शिडावर असताना इंजिनाचा पाय पाण्याबाहेर उचला. मी पहिला अख्खा सीझन तो पाण्यातच ओढत फिरलो!

आता शीड. सगळे असिमेट्रिक (दोन कडा असमान असलेला स्पिनाकर) किंवा कोड झीरो (हलक्या वाऱ्याचं मोठं, सपाट शीड) यांच्या मागे असतात. माझं मत वेगळं: जुना सिमेट्रिक स्पिनाकर (पाठवाऱ्यात फुगणारं, दोन्ही कडा सारख्या असलेलं शीड) बघा. एका हलच्या बोटीवर तो लावायला पोल (शिडाचा कोपरा बाहेर धरणारा दांडा) लागतो, म्हणून फिरस्ती मंडळी त्याला कंटाळतात आणि तो स्वस्तात सुटतो. आपल्याला पोलची गरजच नाही. दोन्ही हलच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) एकेक कप्पी, त्यातून खालच्या दोन कोपऱ्यांचे दोर, आणि शीटचे (शीड आवळायचे) दोर मागे. मेन (मुख्य शीड) उतरवून ठेवला तरी चालतो. कॅटामरॅनच्या डोलकाठीला मागची तार बहुधा नसते आणि बाजूच्या तारा मागे झुकलेल्या असतात, त्यामुळे पाठवाऱ्यात मेन पूर्ण उघडता येतच नाही.

खरेदी मापावर करा, बोटीच्या फुटांवर नाही. ‘३४ फुटी बोटीचं आहे’ या एका वाक्यावर मी पहिलं शीड घेतलं. त्या बोटीची डोलकाठी माझ्या बोटीच्या डोलकाठीपेक्षा उंच होती. शिडाची खालची कड पाण्यात भिजत राहिली आणि शेवटी ते तोट्यात विकलं. मग शहाणा झालो. हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोराला) मापपट्टी बांधून वर चढवली, नाळेपर्यंतचं अंतर मोजलं, आणि त्यापेक्षा निदान अर्धा मीटर आखूड कड असलेलंच शीड शोधलं. जुनी शिडं मापांसकट विकणारं दुकान शोधा.

कापड उन्हात धरून बारीक भोकं बघा. वरच्या कोपऱ्याजवळ अंगठ्याने दाबा, दोन्ही हातांनी ताणा. नायलॉन उन्हाने कुजलेलं असेल तर तिथेच टरकन फाटेल (विकणाऱ्याला आधी विचारून ताणा). ठिगळांना घाबरू नका, कोपऱ्यांची शिवण उसवलेली असेल तर मात्र परत ठेवा. पाऊण औंस वजनाचं हलकं कापड पुरे. जड कापड हलक्या वाऱ्यात नुसतं लोंबतं.

धोका वारा वाढतो तेव्हाचा. पाठीमागून १५ नॉट वारा आणि बोट ७ ने पळतेय, तर तोंडाला फक्त ८ लागतो, म्हणून वाढलेला वारा कळत नाही. एका हलची बोट कलून इशारा देते, आपली कलत नाही. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट. मी खरा वारा (बोटीचा वेग वजा न केलेला) १२ नॉट झाला की स्पिनाकर उतरवतो, आणि दुपारी पश्चिमेला ढग काळवंडले तर त्याआधीच. शीड उतरवताना त्यावर मोज्यासारखा खाली ओढायचा सॉक सोबत मिळाला, तर त्यासाठी थोडे जास्त डॉलर द्या.

आता ७ नॉटच्या पाठवाऱ्यात मला साडेतीन नॉट वेग मिळतो. वारा समोरून असेल तर या शिडाचा उपयोग शून्य. तेव्हा मी अजूनही इंजिनच लावतो.